लॉकवरचा डबा

फेझली, सोमवार, ४ ऑक्टोबर २००४

अपूर्व,

माझं अक्षर बघून तू पाकीट उघडणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. म्हणून वरचा पत्ता सुप्रभाआत्याकडून लिहून घेतलाय. तिचं नर्सचं अक्षर आजवर कुणाला लागलेलं नाही. निदान हे काय आहे म्हणून तरी फोडशील.

आधी बातमी. तुझी आई सध्या बोटीवर राहते. हसू नकोस. आत्याने रिटायर झाल्यावर जी लांबुळकी नॅरोबोट घेतली आणि जिच्यावरून मी तिला इतके टोमणे मारले, तीच ही बोट. इतकी अरुंद, की समोरून आत्या आली तर मला बाकावर चढावं लागतं. रंग पिवळाजर्द, म्हणून मी तिला झेंडू म्हणते. आत्याला ते आवडत नाही, पण आता ती हाक ऐकून गप्प बसते.

आम्ही बर्मिंगहॅमला चाललोय. गाडीने तासाच्या आत पोचशील, आम्हाला आठवडा लागेल. आमचा वेग असा, की कुत्रं फिरवायला निघालेली म्हातारी आम्हाला मागे टाकते आणि पुढच्या पुलाखाली थांबून हॅलो म्हणते. पहिल्या तासाभरात माझा जीव नुसता कासावीस झाला. मग कधीतरी हातातलं स्वेटर खाली ठेवलं आणि पाण्याकडे बघत बसले. ओल्या पाचोळ्याचा वास, आत्याच्या शेगडीतल्या कोळशाचा वास, आणि एक पाणकोंबडी आमच्याशी शर्यत लावून जिंकत होती.

का चाललोय, ते सांगते. पितृपक्ष सुरू आहे. येत्या तेरा तारखेला सर्वपित्री अमावास्या. तुझ्या बाबांना जाऊन पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतील आणि ते आहेत कुठे, ते मला अजून माहीत नाही. अस्थींचा कलश माझ्या कपाटात होता. मी नाशिकला नेणार होते. तू एका शनिवारी कॉव्हेंट्रीला आलास, जेवलास आणि मला न सांगता कलश घेऊन गेलास. संध्याकाळी तुझा फोन, "आई, झालं. बर्मिंगहॅमच्या कॅनॉलमध्ये सोडलं. बाबांनीच सांगितलं होतं." त्यावर मी काय बोलले ते तुला आठवतं आणि मलाही आठवतं. ते पुन्हा लिहीत नाही. त्यानंतर तू आणि मी एकमेकांचा आवाज ऐकलेला नाही.

पण अपूर्व, कालवा वाहत नाही रे. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं का? कॉव्हेंट्रीत वाढलेल्या मुलाला पाणी म्हणजे पाणीच. आत्या म्हणते, कालवा म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी अडवून ठेवलेलं पाणी. प्रत्येक पायरीला एक लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेलं दगडी टाकं. बोट चढली-उतरली की एक टाकंभर पाणी खाली सरकतं, एरवी जवळजवळ तिथल्या तिथे. काही ठिकाणी तर खाली गेलेलं पाणी पंपाने परत वर चढवतात म्हणे. गोदावरीत सोडले असते तर एव्हाना समुद्रात असते. तू त्यांना कोंडून ठेवलंस.

मला फक्त जागा सांग. कुठला पूल, कुठलं लॉक. तीळ आणि पाणी घेऊन जाईन आणि काय ते माझं मी करीन. हे मुलाने करायचं असतं, पण मुलगा मेडनहेडला असतो.

बुधवारी आम्ही कर्डवर्थची लॉक्स चढणार, मग मिनवर्थ, मग शहर. आत्याचा मोबाइल नंबर मागे लिहिलाय. माझ्याशी बोलायचं नसेल तर तिच्याशी बोल.

आई


कर्डवर्थ, बुधवार, ६ ऑक्टोबर

अपूर्व,

फोन नाही आला. नको येऊ दे. कारण आज मला कळलंय.

नीट सांगते. लॉक चढायचं असेल तर आतलं पाणी उतरलेलं आणि खालचं दार उघडं लागतं. तसं नसेल तर मी बोटीतून उतरायचं, आत्याने दिलेली फिरवायची लोखंडी मूठ दातेरी चाकाच्या खांबावर चढवून झडप उचलायची, टाकं रिकामं होईस्तोवर थंडीत नाचायचं आणि मग दाराच्या लाकडी दांड्याला पाठ लावून ढकलायचं. तो दांडा म्हणजे एक आडवं झाडच. माझी कंबर पहिल्या लॉकलाच बोलायला लागेल अशी मी मनाची तयारी केली होती.

पहिल्या लॉकला गेलो, तर दार सताड उघडं. टाकं रिकामं. नुसतं आत जायचं.

"लकी!" आत्या म्हणाली. "वरून एखादी बोट उतरली असणार. लॉक आपल्या फेवरमध्ये आहे, एंजॉय कर."

दुसरं तसंच. तिसरंही तसंच. दुपारपर्यंत आत्याने लकी म्हणणं सोडून दिलं. कारण वरून बोट उतरली असती तर ती आम्हाला समोरून भेटायला हवी होती ना? कालवा एकच, अरुंद, मधे कुठे वळायला जागा नाही. दिवसभरात आम्हाला एकही बोट भेटली नाही.

"मुलं करत असतील चावटपणा," ती म्हणाली.

"शाळेच्या दिवशी?"

"नीना, मी बत्तीस वर्षं वॉर्डात काढली. रात्रीच्या ड्युटीला लोकांना काय काय दिसायचं. सगळ्याला काहीतरी साधं कारण निघतं."

आणि मग मला ते साधं कारण दिसलं. चहाच्या वेळेला, वरच्या वळणावर, टोपाथवरून, म्हणजे काठच्या पायवाटेवरून, एक माणूस पुढे चालला होता. करडा रेनकोट. दोन्ही हात मागे बांधलेले, मान किंचित डावीकडे. तुम्हा दोघांची ती चाल मी कशी विसरेन? तू चार वर्षांचा होतास तेव्हा बाबांच्या मागे तस्साच हात बांधून चालायचास आणि सगळं मंडळ हसायचं. मी हाक मारली नाही. पुढच्या लॉकला पोचलो, तर दार उघडं आणि माणूस नाही.

म्हणजे सोमवारचं पत्र तुला मिळालं. मी कुठे कधी असणार ते त्यात लिहिलंच होतं. समोर यायचं नाही आणि आईची कंबर मोडू द्यायची नाही, असा तुझा हिशेब. एवढा हट्टी तू कुणाकडून झालास ते विचारत नाही, घरात दोन उमेदवार होते.

बरं. मीही समोर बोलवत नाही. आज थालीपिठं लावली होती. स्टीलच्या डब्यात दोन घालून, लोण्याचा गोळा ठेवून, अंधार पडायच्या आत शेवटच्या लॉकच्या दांड्यावर डबा ठेवून आले. आत्या म्हणाली, कोल्हा खाईल. कोल्ह्याला कडी उघडता येत नाही.

आई


बर्मिंगहॅमच्या वेशीवर, शुक्रवार, ८ ऑक्टोबर

अपू,

डबा मिळाला. म्हणजे तुला मिळाला आणि मला परत मिळाला. काल सकाळी गेले, तर दांड्यावर तिथेच, घासून पुसून, कडी लावून. हातात घेतला तर जड. उघडला, तर आत ब्लॅकबेरी. या दिवसांत राहिलेल्या शेवटच्या, थोड्या पाणचट, पण काठोकाठ.

आत्याला मी डबा दाखवला आणि म्हटलं, आता सांग कोल्हा. एखादा गोरा माणूस फार तर डबा धुऊन ठेवेल, थँक यूची चिठ्ठी ठेवेल. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, चिमूटभर साखर तरी घालायची, हे आमच्याच घरात शिकवलेलं. समोरच्या मिसेस डॉसनकडे मी तुला वाटी घेऊन पाठवायचे, आतली साखर तू रस्त्यात चाटून संपवायचास आणि मग अंगणातलं फूल टाकून द्यायचास. विसरला नाहीस तर.

आत्याने एक बेरी उचलून बघितली. "अपूर्वला फोन लावून बघू?" म्हणाली. मी नाही म्हटलं. पकडला गेलास तर पळून जाशील.

काल मिनवर्थला खिचडी ठेवली, साबुदाण्याची, तुला आवडते तशी. आज सकाळी डबा परत, धुतलेला. झाकणावर कढीपत्त्याची पानं एका ओळीत मांडून ठेवलेली. बघून मला हसूच आलं. लहानपणी तू कढीपत्ता चावून खायचास, बाबा मात्र एकेक पान वेचून ताटाच्या कडेला रांग लावायचे आणि मी चिडायचे. आता तूही सुरू केलंस. वय वाढलं की मुलगे असेच बापावर जातात. आत या वेळी कोळसा होता. चांगला मुठीएवढा, काळाभोर, आणि ओला. तळाचा चिखल अजून कोपऱ्यांत होता. त्याचं काय करायचं ते कळलं नाही, पण शहरात बेरी कुठून आणणार, म्हणून मिळेल ते घातलंस ना? पूर्वी कोळशाच्या बोटी इथूनच जायच्या, त्यातून सांडलेला अजून तळाशी आहे, असं आत्याने सांगितलं. पण तो काढायला तू पाण्यात उतरलास की काय? या थंडीत? असले उद्योग करू नकोस.

मी तो शेगडीत घातला नाही. शेगडीशेजारी ठेवलाय. दिवसभर उबेत आहे, पण वाळत नाही.

आज आम्ही मोटरवेच्या खालून आलो. तू त्या रस्त्यावरून शेकडो वेळा गेला असशील. खाली एक वेगळंच जग आहे रे. देवळाच्या सभामंडपासारखे खांबच खांब, वर सहा पदरी गर्जना, आणि खाली पाण्यावर ती फक्त गुणगुण होऊन उतरते. गाडी एकही दिसत नाही. ऊन कुठूनतरी फटीतून येतं आणि पाण्यावरून उलटं वर जाऊन खांबांवर हलत राहतं. आत्याने इंजिन हळू केलं.

एका खांबाआड तू उभा होतास. रेनकोट मी ओळखला. सहा पदरांच्या छपराखाली पाऊस कसा पडेल, पण तुझ्या कोटावरून पाणी निथळत होतं.

उद्या आम्ही शहरात चढतो. बाबांची जागा तिथेच कुठेतरी आहे ना? बोलू नकोस. नुसतं तिथे थांब, मला कळेल.

आई


गॅस स्ट्रीट, बर्मिंगहॅम, रविवार, १० ऑक्टोबर

अपू,

पोचलो. झेंडू आता शहराच्या मधोमध बांधलीय. आमच्या खिडकीशी विटांची जुनी भिंत, भिंतीवर शेवाळ, आणि दहा फुटांवर एका बारमध्ये लोक दुपारपासून हसतायत. हंसांची एक जोडी येऊन खिडकीवर चोच आपटते. तिला ब्रेड दिला नाही तर शिव्या देते. सकाळी ओल्या विटांचा वास येतो, दुपारी डिझेलचा, संध्याकाळी कुठूनतरी बाल्टी नावाच्या इथल्या करीच्या मसाल्याचा. मी या शहरात पन्नास वेळा आलेय, साड्यांना, लग्नांना, तुझ्या पासपोर्टला. ते सगळं वर होतं. कालव्यावरून बघितलं तर वरचं शहर म्हणजे नुसते पाय आणि चाकं.

बाबा लग्नाआधी इथे होते, हे तुला माहीत आहे. पितळेच्या कारखान्यात ड्रॉइंगबोर्डावर. आत्या काल सांगत होती, की दर रविवारी हा माणूस टोपाथवरून एकटा चालायचा, घरात हीटर नव्हता म्हणून. प्रत्येक लॉक त्याला पाठ होतं. बोटवाल्यांना दारं ढकलायला मदत करायचा आणि त्या बदल्यात चहा घ्यायचा. मला लग्नानंतर किती वेळा म्हणाले, "नीना, चल, तुला माझं बर्मिंगहॅम दाखवतो." मी म्हणायचे, गटार काय बघायचं? आज ते गटार बघून माझं मन भरत नाहीये, आणि दाखवणारा नाही.

आता कालचं सांगते. गॅस स्ट्रीटच्या अलीकडे लॉक्सची एक लांब रांग आहे, शहराच्या पोटातून चढत जाणारी. वर इमारती, मधूनच रेल्वे. एक लॉक तर कमानींच्या आत आहे, भर दुपारी अंधार. भिंतीतून पाणी गळतं आणि बाजूच्या पाटातून इतकं खळाळतं, की कुणालाही वाटावं नदीच आहे. दार उघडंच होतं, नेहमीसारखं. आम्ही आत शिरलो, खालचं दार मी बंद केलं. आता वरच्या दाराशी जाऊन झडप उचलायची, की पाणी आत येतं आणि बोट चढते. मी पायऱ्या चढत होते. माझी मूठ माझ्या कमरेला खोचलेली. तेवढ्यात खालून आत्या ओरडली, "नीना, हळू उघड, बोट हलतेय!"

मी अजून काहीच उघडलं नव्हतं.

वर जाऊन बघते, तर झडप उचललेली, पाणी घुसतंय, आणि खांबाचं चाक नुकतं थांबतंय. आसपास कुणी नाही. खांबाला हात लावला तर लोखंड ओलं होतं, आणि हवेत लवंगेचा वास. अपू, तू लवंग कधीपासून चघळायला लागलास? बाबांच्या खिशातली ती डबी तुला आवडायची नाही.

मला माहीत होतं, तू त्या कमानीच्या आड आहेस. हीच जागा ना? म्हणूनच इथे इतका जवळ आलास. आत्या खाली होती, तिला ऐकू जाणार नव्हतं, म्हणून मी अंधाराकडे तोंड करून बोलले. लिहायचं ते बोलूनच टाकलं. म्हटलं, मी रागावले नाही आता. तीन वर्षं पुरे झाली. काही विचारणार नाही, कारण मागणार नाही. जेवायला ये. माझ्याबरोबर चल.

पाणी भरत होतं ते एकदम शांत झालं, पाटाचा खळाळही थांबल्यासारखा वाटला. मग परत सुरू झाला.

रात्रीसाठी वरणभात, तूप, लिंबाची फोड, असा डबा भरून तिन्हीसांजेला धक्क्यावर ठेवला. आज सकाळी बघितलं तर डबाच नाही. आत्या म्हणते, शनिवारची दारुडी पोरं घेऊन गेली. मी म्हणते, आणून देशील. तेरा तारखेच्या आत ये म्हणजे झालं. तीळ आणले आहेत.

तुझी आई


बर्मिंगहॅम, बुधवार, १३ ऑक्टोबर. सर्वपित्री

अपूर्व,

हे पत्र तू उघडणार आहेस, कारण सूनबाईने, ईशानीने, मला तसं वचन दिलंय. आधीची चारही पत्रं तुला तिच्याकडूनच मिळतील. तारखेप्रमाणे वाच.

काल सकाळी तिचा फोन आला. आत्याने बोलून माझ्या हातात दिला.

"आई, मी ईशानी. आय अ‍ॅम सो सॉरी, मी दोन आठवडे लेस्टरला होती, मम्मीचा ऑपरेशन होता. आज घरी आली तर तुमचा सगळा पत्र दारात पडला होता. मी एक उघडली, सॉरी, मला वाटलं इमर्जन्सी आहे."

मी म्हटलं, "असू दे गं. अपूर्व कुठे आहे? अजून इथेच फिरतोय का?"

ती म्हणाली, "आई, अपूर्व इथे नाहीये. ही इज इन टोरोंटो. ऑफिसचा काम आहे, एक तारखेपासून. थर्सडेला येणार."

मी विचारलं, "मधे आला होता का?"

"नाही, आई. रोज रात्री मी त्याच्याशी बोलते ना, तिथल्या हॉटेलच्या फोनवर."

खिडकीबाहेर हंस चोच आपटत होता. मी विचारलं, त्याने अस्थी कुठे सोडल्या ते तुला माहीत आहे का. तिला पूर्ण माहीत नव्हतं. "त्याने मला एकदाच सांगितला. रेल्वेच्या खाली, आतमध्ये एक लॉक आहे, व्हेरी डार्क. ही सेड देअर वॉज सो मच वॉटर रशिंग, त्याला वाटलं रिव्हरसारखाच आहे. तो खूप रडला होता, आई. तो तुम्हाला कधी बोलणार नाही, म्हणून मी बोलते."

मी फोन ठेवला. आत्या बत्तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. तिने काही साधं कारण सांगितलं नाही. तिने चहा टाकला, माझ्यासमोर ठेवला आणि स्वतः बाहेर जाऊन दोर सोडायला लागली. "चल," एवढंच म्हणाली, "आहे ते बघून घेऊ."

आम्ही उतरायला लागलो. उतरताना उलटं असतं, टाकं भरलेलं आणि वरचं दार उघडं लागतं. तसंच होतं. एकामागून एक, प्रत्येक लॉक भरून, दार उघडून ठेवलेलं. या खेपेला मी पुढे बघत नव्हते. मला भीती वाटत होती, अपूर्व, आणि कशाची ते सांगते. ते दिसतील याची नव्हे. आता दिसणार नाहीत याची.

कमानीखाली पोचलो. दांड्यावर डबा होता.

कडी लावलेली. खाली उतरून हात लावला तर थंडगार, आणि इतका जड की दोन्ही हातांनी उचलावा लागला. मी तिथेच उघडला. आत पाणी. काठोकाठ, स्वच्छ. या कालव्याचं पाणी तू बघितलंयस, हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. हे पाणी असं, की डब्याच्या तळावर कोरलेलं बाबांचं नाव वाचता येत होतं. भांडीवाल्याकडून घालून घेतलेलं, यतीन ग. साठे.

आमच्या घरात डबा रिकामा परत करत नाहीत. बेरी दिल्या, त्या काठावरच्या. कोळसा दिला, तो तळाचा. आणि शेवटी काही उरलं नाही तेव्हा हे.

मी रडले. आत्याही रडली, तिचा तो धाकटा भाऊ. तुला वाटत असेल, आई म्हातारी झाली, आत्याही झाली, दोघींना बोटीवर राहून भ्रम झाला. वाटू दे. पण मी त्या अंधारात तुला म्हणून जे जे बोलले, ते त्यांनी ऐकलं. चल माझ्याबरोबर म्हटलं, तर आले. तू खरं सांगत होतास. त्यांनीच तुला सांगितलं असणार, मला इथे सोड म्हणून. जिथे ऐन तारुण्यात हिंडले तिथेच जावंसं वाटलं असेल. पण तुझे बाबा एका जागी तीन वर्षांच्या वर कधी राहिलेत? बर्मिंगहॅम झालं, लेस्टर झालं, कॉव्हेंट्रीत तीन घरं झाली. कंटाळले असतील. आणि निघायचं म्हटलं तर पाणीच हलेना.

डबा मी आत आणून टेबलावर ठेवला. शेगडीजवळचा तो कोळसा पहिल्यांदाच वाळलेला दिसला. संध्याकाळी तो शेगडीत घातला, छान पेटला.

आणि मग पुढचं लॉक आलं. अपूर्व, दार बंद होतं. टाकं रिकामं, पाणी खाली. मी मूठ घेऊन उतरले, झडप उचलली, टाकं भरेस्तोवर थंडीत उभी राहिले आणि दांड्याला पाठ लावून दार ढकललं. त्यानंतरची सगळीच बंद आहेत. माझी कंबर गेलीय. आता पुढे कुणी चालत नाहीये. आयुष्यभर ते माझ्यापुढे दोन पावलं चालले, मी हाका मारत राहिले, आणि आता टेबलाशी बसलेत.

बोट भिंतीला आपटते, कप सांडतात, डब्यातलं पाणी मात्र सांडत नाही. आज सकाळी मी तीळ घेऊन बसले होते, पण डब्यात सोडायला हात धजावला नाही. ते काम तुझं आहे.

म्हणून आता नीट ऐक. आम्ही फेझलीवरून पुढे ऑल्रवसला जातोय. तिथे ट्रेंट नदी सरळ कालव्यात शिरते आणि बांधावरून पलीकडे निघून जाते. आत्याने नकाशावर बोट ठेवून दाखवलं. तिथून पुढे हंबरची खाडी आणि मग समुद्र. वाहतं पाणी, खरंखुरं. आम्हाला आठवडा लागेल आणि आम्ही घाई करणार नाही. तू गुरुवारी उतरशील, झोप काढ, ईशानीला बरोबर घे, तिच्या आईला बरं असेल तरच. बाबांसारखा रेनकोट घालून येऊ नकोस, मला सहन होणार नाही. समोरून ये, हात पुढे करून.

डबा तुझ्या हाताने नदीत उपडा कर. तेवढं झालं की तो मला परत दे. धुऊ नकोस, त्यात काही घालू नकोस. हा एक डबा मी रिकामा घेईन.

तुझी आई